हळदीचं बोट

गेल्या हिवाळ्यात माझी प्रार्थना कोरडी पडली होती. रविवारी उपासनेला जात होते, गीतं म्हणत होते, पण डोळे मिटले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. जपानमधल्या क्योतोच्या विद्यापीठात माझ्या पीएच.डी.चं ते शेवटचं वर्ष. विषय एकोणिसाव्या शतकातल्या मिशन छापखान्यांनी मुलांसाठी काढलेल्या मराठी पुस्तिकांचा. तळहाताएवढी पुस्तकं ती. एखादा खोटं बोलणारा मुलगा, एखादी प्रामाणिक मुलगी, आणि बहुतेकांत आजारी पडून हसतमुखाने देवाघरी जाणारं एक लेकरू. माझं म्हणणं असं होतं की ही पुस्तकं शाळेत थांबली नाहीत. मुलांनी ती घरी मोठ्याने वाचली आणि अक्षर न येणाऱ्या आयांनी ती ऐकली. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "ऐकली, याला पुरावा काय?" माझ्याकडे मिशनऱ्यांचे अहवाल होते, पण स्वतःच्या कामाबद्दल कोण वाईट लिहितं? शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. तोवर पुरावा मिळाला नाही तर ते प्रकरण काढावं लागणार होतं, आणि ते गेलं की प्रबंधात फारसं काही उरत नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात रखवालदार होते. आई आजही अंगठा उठवते. हात हलवत परत जायचं, या विचाराने माझं मन इतकं आकसलं की मी एक गोष्ट केली, ती इथे कबूल करते. मी प्रबंधात एक वाक्य घातलं, की वाचकांनी केलेल्या नोंदींवरून हे घरातलं वाचन दिसून येतं. अशी एकही नोंद मी पाहिली नव्हती. समितीत मराठी वाचणारं कुणी नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. तीन दिवस ते वाक्य तिथे होतं. चौथ्या दिवशी पुस्तिकेतल्या खोटं बोलणाऱ्या मुलाबद्दल मीच प्रबंधात केलेली थट्टा वाचत होते आणि मनात आलं, तो निदान आठ वर्षांचा तरी होता! मी वाक्य खोडलं. मग टेबलापाशीच म्हटलं, "प्रभू, हे प्रकरण तुला नको असेल तर जाऊ दे. मी आता ओढून धरत नाही." काही झालं नाही, प्रकाश पडला नाही. पण त्या दिवशी मी पोटभर जेवले. सेन्सेईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मार्च अजून आलेला नाही. चहा घ्या."

पुढच्या आठवड्यात कोबेहून फोन आला. तिथल्या एका जुन्या मुलींच्या शाळेच्या ग्रंथालयाला मी वर्षभरापूर्वी पत्र पाठवलं होतं आणि 'मराठी काही नाही' असं उत्तर आलं होतं. फोनवर ओगावा-सान, म्हणजे ओगावाबाई, होत्या. फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला त्या तिथे येत. हिंदुस्थानात काम करून पुढे जपानला आलेल्या एका मिशनरी बाईंची पेटी त्यांनी उघडली होती आणि त्यात एक अनोळखी लिपीतलं लहानसं पुस्तक निघालं होतं. "त्यावर डाग आहेत," त्या म्हणाल्या. "धुऊन टाकायच्या आधी तुम्ही एकदा बघाल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली. ओगावा-सान साठीच्या, बुटक्या, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी पुस्तक माझ्यासमोर मऊ उशीवर ठेवलं. पानांच्या खालच्या कोपऱ्यात मधूनमधून पिवळट ठसे होते. एक मात्र लाल.

"तो मी केला," त्या ओशाळून म्हणाल्या. "कागद टिकावा म्हणून चुन्याची निवळी लावतो आम्ही. एक थेंब लावून पाहिला तर हे! मी घाबरलेच. रक्त आहे का हो?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत असतं.

ते त्यांना सांगून मी विचारलं, "पण तुम्ही थांबलात कशा? धुऊन टाकता आलं असतं."

"घाण कुठेही पडते," त्या म्हणाल्या. "ही दर वेळी त्याच कोपऱ्यात पडली आहे. मला वाटलं, हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

कुणी केलंय ते मला कळलं होतं. लहानपणी संध्याकाळी मी आईला रविवारच्या शाळेतलं पुस्तक वाचून दाखवायचे. ती चुलीपुढे, मी उंबऱ्यात. खेळायला पळायची घाई, म्हणून मी पानं गाळायचे. ते ध्यानात आल्यावर आईने फोडणीला घेतलेल्या हळदीचं बोट पानाच्या कोपऱ्यात टेकवायला सुरुवात केली. "इथवर झालंय. उद्या इथून," असं म्हणायची.

मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ते पान दाखवलं.

"हळदच हाय की," आई म्हणाली. "बाईमाणसाचं बोट हाय ते. तिची पोरबी तुझ्यासारखीच लबाड असंल, पानं गाळनारी."

ओगावा-सानना मी याचा अर्थ सांगितला, तर त्या तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मोबाइलसमोर कमरेत वाकल्या. आईनेही तिकडून हात जोडले.

ठसे दोन-तीन पानांच्या अंतराने होते. मरणाऱ्या लेकराच्या गोष्टीत मात्र एकाच पानावर तीन होते, एकाखाली एक. अशा गोष्टींना मी प्रबंधात 'रडवण्याचा ठरलेला साचा' म्हटलं होतं. त्या बाईने तीन संध्याकाळी तिथेच का थांबवलं असेल, मला माहीत नाही. विचारायला ती नाही. तो शेरा मात्र मी काढून टाकला.

प्रकरण मी पुन्हा लिहिलं. जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं, आईची सवय लिहिली, आणि 'असे वाटते' तिथे 'असे वाटते' हेच शब्द ठेवले. परीक्षकांनी ते मान्य केलं. सेन्सेई म्हणाले, "तुमच्या आईंना निम्मी पदवी द्यावी लागेल." मी ते आईला कळवलं, तर म्हणाली, "ठिव तुझ्याजवळच, मला कुठं वाचता येतीया."

पेटी त्याच आठवड्यात का उघडली, ओगावा-सानचा हात एका थेंबावर का थांबला, यावर मी वाद घालत नाही. मला फक्त आभार मानायचे आहेत. मी खोटं वाक्य खोडलं तेव्हा पुढचं पान कोरंच आहे असं समजले होते. ते कोरं नव्हतं, मला फक्त दिसत नव्हतं. आता रोज संध्याकाळी मोठी प्रार्थना सुचली नाही तरी घाबरत नाही. दिवसाच्या कोपऱ्यात बोट टेकवते आणि म्हणते, प्रभू, इथवर झालंय. उद्या इथून.