हेमलताबाईंचा बुधवार

एग्मोर स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर लॉरींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. कारखाना दूर, एन्नोरच्या पलीकडे. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या फिल्टरला लागून हेमलताबाई मोहिते यांचं टेबल होतं. कंपनीच्या माणसांची तिकिटं, व्हिसा, हॉटेलं हे त्यांचं काम. हिवाळ्यात त्यात आणखी एका कामाची भर पडे, जे कुठल्याच कागदावर नव्हतं. म्यूनिकला गेलेल्या इंजिनिअरने बुधवारी स्कीइंगला कुठे जायचं, हे हेमलताबाई ठरवत.

बुधवारच का, तर म्यूनिकच्या भागीदार कंपनीत सोमवार-मंगळवारी गाड्यांच्या चाचण्या चालत आणि बुधवारी तिथली माणसं दिवसभर आकडे तपासत बसत. पाहुण्यांना त्या दिवशी काम नसे. शनिवार-रविवार विमानात जात. त्यामुळे आठवड्याभराच्या दौऱ्यात एक मोकळा बुधवार हाती लागे, आणि चेन्नईच्या माणसाला तेवढ्या एका दिवसात आयुष्यातलं सगळं स्कीइंग उरकायचं असे.

चौदा वर्षांपूर्वी एकाने जाता जाता सहज विचारलं होतं. 'माहीत नाही' म्हणणं हेमलताबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दोन दिवस नकाशे पाहिले, तिकडच्या एका पर्यटन कार्यालयाला फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात टाइप केलेलं पान ठेवलं. तो परत आला तो आनंदात. पुढच्या महिन्यात आणखी दोघे येऊन उभे राहिले. परत आलेल्या प्रत्येकाला त्या समोर बसवून खोदून खोदून विचारत: डोंगरावर नेणारी लिफ्ट किती वाजता सुरू झाली, बूट भाड्याने कुठे मिळाले, दुपारनंतर बर्फ मऊ होतो का, सूपमध्ये मांस होतं का. सगळं एका फायलीत जाई. चार-पाच वर्षांत ती फाइल बोटभर जाड झाली आणि म्यूनिकची माणसंसुद्धा अडलं की एग्मोरला मेल करू लागली.

हेमलताबाईंनी बर्फ पाहिलेला नव्हता. जन्म तंजावरचा. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. लग्न होऊन त्या जॉर्ज टाउनमधल्या कागदाच्या व्यापाऱ्याच्या घरी आल्या. नवरा व्यंकोजीराव दुकान सोडून कुठे जायला तयार नसे, म्हणून उत्तरेला त्यांची मजल तिरुपतीपर्यंतच. घरचा फ्रिजही नव्या पद्धतीचा होता, त्यात बर्फ साचत नसे.

पण सल्ला पक्का असे. समोर आलेल्या माणसाला त्या आधी निरखत, मग विचारत. गुडघे कसे आहेत? सकाळी किती वाजता उठवतं? घसरण्याची भीती जास्त की हसं होण्याची? ज्याला घरी पाठवायला फोटो हवा असे, त्याला त्या गार्मिशच्या वरच्या सगळ्यांत उंच शिखरावर पाठवत. तिथे स्की भाड्याने न घेताही स्कीइंग केल्यासारखं दिसता येतं. ज्याला खरंच शिकायचं असे, त्याला लेंगग्रीसच्या छोट्या डोंगरावर. आणि ज्याने घरी स्वस्त तिकिटाचं आधीच शोधून ठेवलेलं असे, त्याला त्या समजावत की ते तिकीट आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं, आणि तोवर डोंगरावरचा चांगला बर्फ लवकर उठणाऱ्यांनी वापरून टाकलेला असतो.

ऋजुता सबनीस सांगलीची. ब्रेकच्या चाचण्या करणारी इंजिनिअर. पहिल्यांदा टेबलापाशी आली तेव्हा तिनेही त्या शिखराचं नाव घेतलं.

"अस्के तिकडेच जातात," हेमलताबाई म्हणाल्या. "तू नक्को. तुला शिकायचं दिसतंय. कसाला त्या गर्दीत?"

'अस्के' म्हणजे सगळे, हे ऋजुताला दुसऱ्या वाक्यानंतर कळलं. असलं तंजावरी मराठी तिने कधी ऐकलं नव्हतं. पण ती लेंगग्रीसला गेली, आणि पुढच्या दोन हिवाळ्यांतही गेली. तिसऱ्या वेळी ती डोंगराच्या अर्ध्या उंचीवरून न पडता खाली आली. परतल्यावर तिने ते सगळ्यांत आधी हेमलताबाईंना सांगितलं. त्यांनी फायलीत नोंद केली आणि म्हणाल्या, "बेस."

मग कंपनीने ठरवलं की प्रवासाची व्यवस्था माणसाने करण्याचे दिवस संपले. म्यूनिकच्या भागीदाराबरोबर मिळून एक संगणकप्रणाली आणायची. ती तिकिटं काढेल, हॉटेलं ठरवेल, आणि मोकळ्या दिवशी काय करावं तेही सुचवेल. तिला शिकवायला जाणकार माणूस हवा. हेमलताबाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. फेब्रुवारीत त्यांनी म्यूनिकला जावं, आपली फाइल त्या प्रणालीच्या स्वाधीन करावी आणि मार्चअखेर घरी बसावं, असं ठरलं. साहेबांनी हे फार मोठा मान म्हणून सांगितलं. हेमलताबाईंनी आभार मानले आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं तिकीट काढलं.

ऑफिसला खरी उत्सुकता वेगळीच होती. बाईंच्या वाट्यालाही एक बुधवार येणार होता. त्या कुठे जाणार?

जो विचारेल त्याला त्या वेगळं नाव सांगत. खरं म्हणजे त्यांचं ठरतच नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडून त्या स्वतःला तेच प्रश्न विचारत. गुडघे: डावा गेलेला. उठणं: पहाटे साडेचार. घसरण्याची भीती: भरपूर. हसं होण्याची: त्याहून जास्त, कारण बाकीच्यांनी पडणं वेगळं आणि ज्या बाईने इतक्यांना पाठवलं तिने पडणं वेगळं. असा माणूस टेबलासमोर आला असता तर त्यांनी त्याला म्यूनिकमध्येच वस्तुसंग्रहालय पाहायला सांगितलं असतं. तेवढं सोडून बाकी सगळे पर्याय त्यांनी तपासले.

"जाऊ नको. गेले होते म्हण," व्यंकोजीराव जेवताना म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"अस्के बघतात," हेमलताबाई म्हणाल्या.

ऋजुताचा दौरा त्याच पंधरवड्यात आला. मंगळवारी संध्याकाळी हॉटेलच्या खाली कॉफी घेताना तिने विचारलं, "मॅडम, उद्या कुठे?"

"तू सांग गे."

ऋजुताला वाटलं, बाई परीक्षा घेताहेत. तिने विचार करून लेंगग्रीस म्हटलं. लहान मुलांचा उतार आहे, शिकवणारे सावकाश शिकवतात, आणि बुधवारी शाळा असल्यामुळे लहान मुलंही नसतात. हेमलताबाईंनी लगेच मान हलवली. कोणीतरी दुसऱ्याने ठरवावं याचीच त्या महिनाभर वाट पाहत होत्या, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

सकाळी सातच्या आधी दोघी मुख्य स्टेशनवर होत्या. व्यंकोजीरावांचे लोकरी मोजे, त्यावर आणखी एक जोडी, वर ऋजुताचं जुनं जाकीट अशा थाटात हेमलताबाई फलाटावर उभ्या राहिल्या. गाडी लागली. ती गाडी पुढे जाऊन तुटते आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या गावांना जातात. आपल्या गावाच्या डब्यात बसावं लागतं. बाईंनी गेल्या चौदा वर्षांत दिलेल्या प्रत्येक पानावर हे वाक्य लाल अक्षरांत होतं.

त्या लेंगग्रीसच्या डब्यात शिरल्या आणि समोर कोइंबतूरचं एक म्हातारं जोडपं बसलेलं दिसलं. म्हातारबुवा बायकोला तमिळमध्ये सांगत होते की तासाभरात टेगर्नझे येईल, तिथे मोठं तळं आहे.

हेमलताबाईंना राहवलं नाही. "सर, हा डबा तुमच्या गावाला जात नाही," त्या तमिळमध्येच म्हणाल्या. "मागे बसायचं. चला, दाखवते."

"मॅडम, गाडी सुटेल," ऋजुता म्हणाली.

"सुटली तरी एकच गाडी आहे. मध्ये थांबते तिथे मी पुढे येते."

त्यांनी त्या दोघांना फलाटावरून मागच्या भागात नेलं, जागा दिली, आणि दारं बंद झाली. त्यात बिघडलं काहीच नव्हतं. गाडी तुटायच्या आधी उतरून पुढे यायला पुरेसा वेळ होता, आणि तो किती मिनिटांचा तेही त्यांना पाठ होतं. पण म्हातारबुवांनी परतीच्या गाडीचं विचारलं. मग तिकिटाचं. मग बायकोला थंडी सोसत नाही, तर अंगात काय काय घालावं. हेमलताबाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि क्रमवार सांगायला घेतलं. गाडी थांबली, एक बारीक धक्का बसला, पुन्हा चालू लागली. त्या बोलतच होत्या.

थोड्या वेळाने फोन वाजला. "मॅडम, तुम्ही कुठे आहात?" ऋजुताने विचारलं.

हेमलताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "टेगर्नझेच्या वाटेवर."

मग ऋजुता जरा जपून म्हणाली, "हसू नको म्हणाल, पण..."

"हस," हेमलताबाई म्हणाल्या.

हसून झाल्यावर ऋजुताने परत फिरून यायचा मार्ग सांगायला सुरुवात केली. हेमलताबाईंनी तिला मध्येच थांबवून तोच मार्ग जास्त अचूक सांगितला. पोचेपर्यंत अकरा वाजतील, शिकवणीची सकाळची तुकडी सुटलेली असेल, दुपारच्या तुकडीत ओला बर्फ. अशा वेळी कोणालाही त्यांनी जाऊ दिलं नसतं. "तू वर जा. मी इथेच बसते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवताना त्यांना इतकं हलकं वाटलं की जरा लाजच वाटली.

टेगर्नझेबद्दल फायलीत एक ओळही नव्हती. तिथे स्कीइंगला जातोच कोण. त्यामुळे स्टेशनबाहेर उजवीकडे वळायचं की डावीकडे, हेही हेमलताबाईंना ठाऊक नव्हतं. तिघं उताराच्या दिशेने निघाले. कठड्यांवर, झाडांवर, उभ्या असलेल्या सायकलींच्या सीटवर बर्फ होता. वरूनही पडत होता, पण सावकाश, जणू त्याला कुठे पोचायचं नव्हतं. हेमलताबाईंनी हातमोजा काढून कठड्यावर हात ठेवला. थंड लागणार हे माहीत होतं. पण पायाखाली तो आवाज करतो, खोबरं चावल्यासारखा, हे त्यांना एवढ्या वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. इतक्या माणसांना त्यांनी समोर बसवून विचारलं होतं, आणि कपाटाच्या कुलपापासून सूपपर्यंत सगळं लिहून घेतलं होतं. आवाजाचं विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

तळ्याकाठच्या अगदी सपाट रस्त्यावर त्या पडल्या. पाय पुढे गेला आणि त्या मागे बसल्या, एवढंच. कुत्रा घेऊन चाललेल्या एका जर्मन बाईने त्यांना हात दिला, पाठ झटकली आणि काहीतरी बोलून पुढे गेली. कोणी हसलं नाही. म्हातारबुवांनी विचारलं, "लागलं का?"

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या, आणि आणखी एक पाऊल टाकून पाहिलं.

दुपारभर हेमलताबाई त्या जोडप्याबरोबर तळ्याकाठच्या एका हॉटेलात काचेजवळ बसल्या. कोइंबतूरच्या बाईंनी डब्यातला लिंबूभात काढला, तो गुपचूप वाटून खाल्ला. पाणी करडं होतं आणि पलीकडचा डोंगर मधूनमधून दिसत नव्हता. चार वाजेपर्यंत हेमलताबाईंनी कोणालाही काहीही सुचवलं नाही.

चेन्नईला परतल्यावर प्रत्येक प्रवाशाने नव्या प्रणालीत एक फॉर्म भरायचा होता. मोकळ्या दिवशी कुठे गेलात? किती गुण द्याल? हेमलताबाई खोटं लिहीत नसत. त्यांनी 'टेगर्नझे' लिहिलं आणि पाचपैकी पाच दिले. काय केलं या रकान्यात 'स्कीइंग', 'गिर्यारोहण' आणि 'इतर' एवढेच पर्याय होते. 'इतर' दाबलं की आणखी एक पान भरावं लागे. ते पान काही केल्या पुढे सरकेना, म्हणून दोन दिवसांनी त्यांनी संगणक विभागाला फोन केला. तिथल्या माणसाने तमिळमध्ये दिलासा देत स्वतःच 'स्कीइंग' दाबून फॉर्म पूर्ण केला. मार्चअखेर ऑफिसने त्यांना शाल, चांदीचं निरांजन आणि एक लोकरी टोपी दिली. त्या घरी गेल्या.

पुढच्या डिसेंबरात देवेश प्रधान नावाचा नवा मुलगा पहिल्यांदा म्यूनिकला निघाला. प्रणालीने चौदा वर्षांची फाइल चाळली. सगळ्या सल्ल्यांवर एकाच बाईचं नाव होतं, म्हणजे तीच सर्वांत अनुभवी स्कीपटू. आणि एवढ्या अनुभवी स्कीपटूने स्वतःसाठी बुधवारी निवडलेलं ठिकाण एकच होतं, तेही पूर्ण गुणांचं. प्रणालीने देवेशला टेगर्नझेला पाठवलं.

त्याने म्यूनिकमधूनच स्की आणि बूट भाड्याने घेतले होते. ते खांद्यावर टाकून तो तळ्याच्या काठाला येऊन उभा राहिला. थोडा वेळ इकडेतिकडे पाहून त्याने कॉफी घेतली, काठाने दोन फेऱ्या मारल्या, आणि पहिल्याच दौऱ्यात आपण काहीतरी चुकीचं समजलो हे ऑफिसला कळू नये म्हणून फॉर्ममध्ये पाचपैकी पाच दिले. दोन बुधवारांच्या पुराव्याने प्रणालीची खात्री आणखी वाढली. त्या हिवाळ्यात ब्रेकवाले सहाजण स्की घेऊन त्या तळ्याकाठी जाऊन आले. सगळ्यांनी पूर्ण गुण दिले.

हा प्रकार ऋजुताला जानेवारीत कळला. ती रविवारी जॉर्ज टाउनला, बाईंच्या घरी गेली. खालच्या दुकानात व्यंकोजीराव कागदाची रिमं रचत होते. वर हेमलताबाई शेवया वाळत घालत होत्या. ऋजुताने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, मी उद्या संगणक विभागाला सांगून दुरुस्त करून घेते."

हेमलताबाईंनी ताटातल्या शेवया बोटांनी मोकळ्या केल्या. "काय म्हणतात गे ते लोक? आल्यावर?"

"फारसं काही नाही. छान होतं म्हणतात. देवेश म्हणाला, आईला फोन केला बऱ्याच दिवसांनी."

"कोणाचं हाडबीड मोडलं?"

"नाही."

"मग राहू दे," हेमलताबाई म्हणाल्या. "बेस चाललंय."