खवीस हाक का मारत नाही

रामकिशनला गावात सगळे मान देतात, फक्त जरा लांबून. सरकारी दवाखान्यात तो पोस्टमार्टमच्या खोलीवर आहे. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहतात आणि लिहून घेतात. चिरायचं आणि शिवायचं काम रामकिशनचं. विहिरीतनं चार दिवसांनी काढलेलं प्रेत असो की निलंगा रोडवर ट्रकखाली गेलेलं, फोन येतो आणि हा हातातली भाकरी ठेवून उठतो. हे काम त्याला नको होतं. शिपाई म्हणून लागला आणि पहिल्याच आठवड्यात खोलीवरचा माणूस पळून गेला. ‘महिनाभर सांभाळ’ म्हणाले. त्या महिन्याला आता सव्वीस वर्षं झाली. टाके मात्र तो असे बारीक घालतो, की शेवटचं तोंड बघणाऱ्या आईला शिवण दिसू नये. याचं कौतुक त्याला कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला जवळ यावं लागतं.

त्याची मुलगी उज्वला लातूरला छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करते आणि फावल्या वेळात एक भुताची चित्रकथा काढते. ‘नाइलाजाचा खवीस’ असं त्या चित्रकथेचं नाव. गावात काही अभद्र घडलं की लोक वेशीवर जाऊन खविसाला हाक मारतात. तो कुरकुरत येतो, विहिरीतलं भूत ओढून काढतो, आणि काम झालं की तेच लोक त्याच्या वाटेतनं बाजूला होतात. दर आठवड्याला चार पानं ती फोनवर टाकते. हजारभर लोक वाचतात, आणि वाचणाऱ्यांना तोंड असतंच.

रविवारी एसटीनं घरी आली की ती पायरीवर बसून आईबापांना ते अभिप्राय वाचून दाखवते. धर्माबादच्या एकानं लिहिलं होतं, खविसाचे पाय सुलटे कसे? औशाच्या एका बाईला विचारायचं होतं की याला दहीभाताचा उतारा चालतो का, आणि तिनं ते अगदी मनापासून विचारलं होतं. एका गुरुजींनी, पोरं अभ्यास सोडून हे वाचतात म्हणून खडसावलं होतं आणि खाली पुढचा भाग कधी येणार तेही विचारलं होतं. रामकिशन पोट धरून हसला.

“पण या भागावर सगळे एका जागी अडलेत,” उज्वला म्हणाली. या चार पानांत खवीस काम उरकून घरी येतो आणि अंगणात नुसता उभा राहतो. त्या हातांनी घरच्या भांड्याला शिवायचं नाही, म्हणून आतनं कुणी येऊन पाणी ओतेपर्यंत तो थांबतो. हाक काही मारत नाही. कुणी लिहिलं, मुका आहे का? कुणी लिहिलं, हाक मारायला याला काय धाड भरली? या चित्रकथेचं पुस्तक काढायला निघालेले प्रकाशकही म्हणाले होते, कारण द्या, नाहीतर ही चार पानं काढा. उद्या त्यांना उत्तर द्यायचं होतं.

रामकिशननं फोन हातात घेतला. चित्रात खांदे पाडून, हात अंगापासून लांब धरून अंगणातल्या कडुलिंबाखाली कोण उभं आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीवरनं आला की तो असाच उभा राहतो, बायको सिंधु तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत. आपल्याला तसं कुणी बघत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मला खवीस केलीस व्हय?”

उज्वलाचा चेहरा उतरला. “काढून टाकते ती पानं, अण्णा. मला बी कारण ठावं न्हाई. दिसलं तसं काढलं.”

राग आला होता, पण पोरीकडं बघून तो विरला. वाईट वाटत होतं ते मात्र तसंच राहिलं. फोन तिला परत देत तो म्हणाला, “दिवसभर मला हाका येतेत. मन असो नसो, जावं लागतंय. हाकेवर जाणं काय असतंय ते मला लई ठावं हाय. घरच्यानी तरी माझ्यापाशी हाकेवर येऊ नये. न बोलवता आलं, तर ते मनानं आलं. पानं ऱ्हाऊ दे.”

उज्वला म्हणाली, “लहानपणी मी तुमाला बघायची, अण्णा. खिडकीतनं. आई जाईल म्हणून बघून न बघितल्यावानी करायची.”

“ठावं हाय,” रामकिशन म्हणाला. “पडदा हलायचा.”

त्याला त्याचा राग कधीच नव्हता. लेकरानं त्या हातांना भिऊ नये तर काय करावं, असंच तो म्हणायचा, मनातल्या मनात. ती लातूरला निघाली तेव्हा, बाप दवाखान्यात क्लार्क आहे असं सांग, हेही त्यानंच शिकवलं होतं, आणि ती तसंच सांगत आली होती.

पानं राहिली, आणि त्यांना एक पाचवं जोडलं गेलं: घराची खिडकी, किंचित सरकलेला पडदा, त्याच्या कडेला लहान मुलीची दोन बोटं. पुढच्या रविवारी अभिप्राय आले. पायांची तक्रार होतीच. औशाच्या बाईनं विचारलं होतं, पडद्याआड कोण आहे, हडळ का?

उज्वलानं उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि मग फोन वडिलांच्या हातात दिला. रामकिशननं चष्मा लावून वाचलं: ‘मी आहे. आणि अंगणात उभे आहेत ते माझे वडील, रामकिशन. ते पोस्टमार्टमच्या खोलीवर काम करतात.’