बदलापूर ते कॅम्प चार: एका ‘ना’च्या मागे सायकलवर

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. एका विषयात नापास झालो, सरांशी भांडलो, परत गेलोच नाही. ‘नापास’मधला ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी. दोन परक्यांनी मिळून मला घरी बसवलं. वर्गातली रेश्मा मात्र सुटली नाही. उल्हासनगरची, सिंधी. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “रविवारी घरी येऊन पप्पांना आपलं सांग ना.” मराठीतल्या या शेपटाच्या ‘ना’त नकार नसतो, आर्जव असतं. मी सायकल काढली.

बदलापूर गावातून सकाळीच निघा, ऊन चढायच्या आत अंबरनाथ येतं. सायकलवाले काका म्हणाले, “हवा भरली ना बिरेक बी आवळला. कुठं हाणामारी करू नको रं!” गावाकडे ‘ना’ म्हणजे ‘आणि’. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक.

अंबरनाथच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. त्या गारव्यात काय बोलायचं ते घोकलं. पुढे कारखान्यांचा रस्ता, नुसते खड्डे. उल्हासनगरात कॅम्प चारला पोचलात की दालपकवान खा, कडक पुरी आणि वर डाळ. तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं. दुकानदाराला विचारलं, सिंधीत नाहीला काय म्हणता?

“न. बस, इतना ही,” तो हसला. “छोटा है, पर लगता बहुत है.”

संस्कृतातही तोच ‘न’.

रेश्माच्या दारात चपलांचा ढीग. तिच्या वडिलांनी “अचो, अचो” करत आत घेतलं, तळहातावर खडीसाखर ठेवली. पाहुणचार समजून मी ती तोंडात टाकली.

“कॉलेज का दोस्त है ना? अच्छा किया, आया. आज रेश्मा की मिश्री हुई.”

मिश्री म्हणजे त्यांच्यात लग्न ठरल्याची साखर. खाल्ली की तुम्हीही त्या आनंदात सामील.

खडा थुंकता येईना, गिळवेना. “तिला विचारलंत का?” मी ओरडलोच.

लाल ओढणी घेतलेली रेश्मा पुढे आली. “विचारलं. मी हो म्हटलं.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“वाटलं होतं, पप्पांसमोर उभी राहीन. नाही जमलं. ओरडू नकोस रे. जेवून जा.”

न जेवताच निघालो.

घरी आईनं सवयीनं विचारलं, “आज कुणाशी भांडून आलास?”

परतीच्या सगळ्या रस्त्यात मी भांडायला तो माणूसच शोधत होतो. रेश्माच्या वडिलांनी तर मला गोड खाऊ घातलेलं. हो तिनं म्हटलेलं.

“कुणाशीच नाही,” म्हणालो.

आईनं ताप आहे का बघायला माझ्या कपाळाला हात लावला.