आजोबांचं मेडल माझ्याकडे कसं आलं

तुम्हाला जे सांगतोय ते बायकोला ठाऊक नाही, वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. आधी मेडलबद्दल सांगतो — म्हणजे पुढचं बोलायला थोडा धीर येईल.

माझे आजोबा धुळ्याकडचे. इंग्रजांच्या फौजेत होते, इटलीत लढले. गोळीबार चालू असताना जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन आले, म्हणून त्यांना मिलिटरी मेडल मिळालं. चांदीचं. एका बाजूला इंग्लंडचा राजा, कडेवर आजोबांचं नाव कोरलेलं. इंग्रजांचं म्हणून गावात काहींनी नाकं मुरडली, पण वडिलांसाठी ते देव्हाऱ्यातलं होतं. ते थोरल्या भावाकडे जायचं, हे ठरलेलं. तो सैन्यात होता ना! मी सिलवासात, प्लॅस्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर. मला कोण मेडल देणार?

मग गलोंड्याच्या आमच्या युनिटला आग लागली. भर दुपारी. धूर असा, की स्वतःचा हात दिसेना. मी दाराकडे पळालो. वाटेत पायाला काहीतरी मऊ लागलं — सुदाम होता, आमचा नंदुरबारचा ऑपरेटर. त्याने माझे पाय धरले. मी — मी झटकले. त्याला ओलांडून बाहेर आलो.

त्याला काढलं लखमाने. इथलाच वारली, ठेकेदाराकडचा, माल चढवायचा. तो आत शिरला, सुदामला ओढत आणून माझ्यापाशी ठेवलं, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकने भाजलेले हात घेऊन टाकीकडे धावला. मी सुदामवर वाकलो होतो, तेवढ्यात मॅनेजर आले.

"तू काढलंस याला?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी मान खाली घातली. त्यांनी तोच होकार धरला.

लखमाला ठेकेदाराने परस्पर गावी पोचवलं. त्याला कुणी काही विचारलंच नाही. आणि सुदाम? शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "कुणाचे तरी पाय धरले एवढंच आठवतं, भाऊ. तुझेच असतील."

हो. माझेच होते.

वडील मेडल घेऊन टोकरखाड्याला माझ्या घरी आले. कॉलनीतल्या लोकांसमोर माझ्या शर्टाला लावलं. "आजानं नाव राखं रे तू," अहिराणीत म्हणाले — आजाचं नाव राखलंस — आणि रडले. थोरला भाऊ शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं — नाही का?

पण खरं सांगायचं राहिलंय ते पुढचं.

काही महिन्यांनी लखमा गेटवर आला. मी तेव्हा राखोलीच्या युनिटला होतो. त्याची बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली. काम मागत होता. याला ठेवलं तर हा कधीतरी, कुणाजवळ तरी बोलेल — एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही नाही.

"या हातांनी काय काम करणार तू?" मी म्हणालो. वॉचमनच्या देखत.

त्याने हात मागे घेतले. रागावला नाही. चार पावलं गेला आणि वळला.

"तो सुदाम बेस आहे ना, साहेब?"

"हो," मी म्हणालो, आणि वॉचमनला गेट लावायला सांगितलं.