खर्डीमार्गे कसारा

द्वारका चौकातून सुटलेली काळी-पिवळी (शेअर टॅक्सी) घाट उतरू लागली, तेव्हा मी मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होतो. माझी मुलगी केतकी कल्याणला नोकरी करते. तिनं लग्नासाठी निवडलेला ओंकार कायमची नोकरी सोडून पोहायला शिकवतो. सातपूरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे कसं पचावं? उन्हाळ्यात भांडण झालं, बोलणं बंद झालं, दिवाळीलाही ती आली नाही. शेवटी आमच्या सौ. सुनंदाबाईंनी तोडगा काढला. "तुम्ही कल्याणला जात नाही, त्याला घरी येऊ देत नाही. निदान कसाऱ्याला तरी भेटा."

कसारा म्हणजे मुंबईच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. इंग्रजांच्या काळातलं, घाटाच्या पायथ्याशी. मेल गाडीच्या खिडकीतून मी ते अनेकदा पाहिलं होतं, उतरलो कधीच नव्हतो. तिन्ही बाजूंनी डोंगर, वाळत चाललेलं गवत, लांबच्या खाचरांत भातकापणी. चहा घेतला, गरम वडापाव खाल्ला. शर्टावर चटणी सांडली. ती पुसायला गेलो, तर डाग चांगला हातभर पसरला. सासऱ्याचा रुबाब तिथंच निम्मा उतरला.

ओंकारची लोकल यायला वेळ होता. फलाटावर ऊन आलं होतं आणि समोर एक रिकामी लोकल उभी होती. शेवटचं स्टेशन, गाडी आता कुठं जाणार, असा विचार करून मी पंख्याखाली जाऊन बसलो. जन्मभर यंत्रांत वावरलेल्या माणसाला एवढं सुचू नये, की आलेली गाडी कधीतरी परत जाते! डोळा लागला. धक्का बसला तेव्हा खिडकीतून फलाट मागं सरकत होता.

समोर पालेभाजीची पाटी घेऊन बसलेली बाई हसू दाबत होती. "बाबा, कुठं निघालात?"

"कुठंच नाही. मी इथंच थांबणार होतो."

"गाडी नाय थांबत. आता खर्डीला उतरा, माझ्यासंगं."

शेजारून एक लोकल धडधडत कसाऱ्याकडे गेली. तिच्यात ओंकार असणार, हे लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला. बाईनं विचारलं म्हणून सगळं सांगून टाकलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की पाटीतल्या मेथीच्या जुड्या हलल्या. "लय बरं झालं," ती म्हणाली, "पोरगा तुम्हाला भ्यायला असंल. आता नाय भिणार."

खर्डीला उतरून ओंकारला फोन केला. आवाज शक्य तितका भारदस्त ठेवला. "मी जरा खर्डीला आलोय."

"काका, तुम्ही तिथंच बसा. मी येतो. पण कुठल्याही गाडीत चढू नका."

माझ्याकडं तिकीट नव्हतं. काळा कोट घातलेला एक माणूस दिसताच मी खांबाआड गेलो. तो वकील निघाला.

परतीच्या लोकलनं ओंकार आला. उंच, सावळा, माझ्याइतकाच घामाघूम. हसला नाही, वाकून नमस्कार केला आणि पाण्याची बाटली पुढं धरली. कसाऱ्याची गाडी यायला बराच अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. मी भाषण सुरू केलं, "माणसाला आपण कुठं चाललोय हे नक्की ठाऊक..." आणि पुढं बोलवेना. मीच हसायला लागलो. मग तोही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पोहायला शिकवताना सगळ्यात अवघड काय असतं?" मी विचारलं. हा प्रश्न भाषणात नव्हता.

"मोठी माणसं," तो म्हणाला. "घाबरलोय असं कबूल करत नाहीत."

"मग तू काय करतोस?"

"काही बोलत नाही, काका. जवळ उभा राहतो."

मला पोहता येत नाही, हे केतकीनं त्याला सांगितलं असावं का? विचारलं नाही.

त्यानं माझंही तिकीट काढलं आणि आम्ही कसाऱ्याला परतलो. तिथं एका मेलला मागून बँकर (घाट चढायला जोडलेलं जादा इंजिन) लावत होते. ते आम्ही दोघांनी पोरांसारखं कठड्याला टेकून पाहिलं. त्याची परतीची लोकल फलाटाला लागली होती. तो तिकडं वळला, तेव्हा मी त्याची बाही धरली.

टॅक्सीत शेजारी बसवून केतकीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"केतकी," मी म्हणालो, "ह्याला तिखट चालतं का गं? रात्री घरी जेवायला थांबतोय."

पलीकडून हुंदका आला. मी घाईघाईनं फोन ओंकारच्या हातात दिला आणि घाटाकडं तोंड फिरवलं. इतक्या महिन्यांत हे एवढंच बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला विनातिकीट खर्डी गाठावी लागली.