शिंकणारा मोटरमन

या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंग गावी आल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांचा पाय मुरगळला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सक्त रेस्ट सांगितली. दिवसभर करणार काय? नवऱ्याने टीव्हीवर एक व्हिडिओ लावून दिला. जपानमधली कुठलीशी छोटी इलेक्ट्रिक रेल्वे, दोन डब्यांची, भातखाचरांमधून जाणारी. कॅमेरा मोटरमनच्या मागे. त्याची फक्त पाठ, टोपी आणि पांढरे हातमोजे दिसायचे.

"आई, यात काही घडतच नाही हो," मी म्हटलं.

"घडतंय की. आत्ता एक म्हातारी चढली."

ती रेल्वे कंपनी दर आठवड्याला नवा व्हिडिओ टाकायची आणि सासूबाई एकही सोडत नव्हत्या. सिग्नल आला की मोटरमन त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी मोठ्याने म्हणायचा. लवकरच हा प्रकार आमच्या घरात सुरू झाला. सकाळी ट्रेनसाठी निघाले की सोफ्यावरून आवाज यायचा, "लॅपटॉप?"

"आहे."

"बोट दाखवून सांग!"

मी दारात उभी राहून स्वतःच्या बॅगेकडे बोट दाखवायची. समोरच्या घरातले आजोबा कचऱ्याची बिन बाहेर ठेवताना हे बघायचे. मी त्यांनाच काही खुणावतेय असं समजून तेही रोज हात हलवायला लागले.

मग एका व्हिडिओत मोटरमन शिंकला. पुढच्या स्टेशनपर्यंत सात वेळा.

"सुट्टी देत नाहीत का याला?" सासूबाई कडाडल्या. "लिही कंपनीला."

त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत ईमेल केली. 'बाळा, तू काम फार छान करतोस. पण अंगावर दुखणं काढू नकोस. ओवा तव्यावर गरम कर, फडक्यात बांध आणि हुंग. घरी तुझ्याकडे बघायला कुणी आहे ना?' शेवटचा प्रश्न मी गाळणार होते, पण त्या शेजारीच बसल्या होत्या.

कुणी उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं. दहा दिवसांनी आलं, अतिशय अदबशीर. शिंकांमुळे आपल्याला काळजी वाटली याबद्दल कंपनी दिलगीर आहे. ही सर्दी नसून परागकणांची ॲलर्जी आहे, दर वसंतात होते. पत्र ऑफिसात सर्वांसमोर वाचून दाखवलं, मोटरमन फार लाजले. घरी पत्नी आहे. सोबत फोटोही होता. गाडीशेजारी टोपी काढून, कमरेत वाकलेले एक गृहस्थ.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा केला. डोक्यावरचे केस पार पांढरे.

"अगं बाई! हे तर माझ्याच वयाचे असतील. आणि मी 'बाळा' काय, 'हुंग' काय... आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र लिही. सगळीकडे 'तुम्ही' कर."

"आई, 'बाळा'चं मी 'डिअर सर' केलं होतं, आणि इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही'ला एकच शब्द आहे. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

"मला कळलंय ना!"

मग मी जुनंच पत्र पुन्हा टाइप केलं, एकही शब्द न बदलता, आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. 'हुंगावा' ऐकल्यावर त्यांचं समाधान झालं.