रक्तातला मार्का

इकडे हिंदी मुलखात, पंडरीच्या कापड मार्केटात एका ठोक दुकानात मी थान उलगडतो अन् पुन्हा घडी घालतो. शाळेत टिकलो नाही, म्हणून नावं वाचता येत नाहीत. पण थानाच्या किनारीवर मिलचा मार्का छापलेला असते ना, तो पाहून कोणता माल कुठचा ते सांगतो. वाचणारे चुकतात, मी नाही चुकत. तेवढं एक काम सोडलं तं बाकी सगळीकडे चुकतो.

अंगानं मी गठ्ठाच आहे. शेठ गिऱ्हाईकाले सांगते, "वो जहाँ अंधेरा दिख रहा है न, उसके पीछे शर्टिंग है." सगळ्यात पहिले मीच हसतो. आपण आधी हसलो तं समोरच्याची मजा निघून जाते.

माह्या पोरीले हे जमलं नाही. ती कॉलेजात जाते, अन् अंगानं माह्यावर गेली. कॉलेजात कोणी काही बोललं असन, तिनं संध्याकाळचं जेवण सोडलं. "भूख नहीं है, पापा." तिले मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीच. एक दिवस आईले म्हणताना ऐकलं, "मैं ही चटोरी हूँ, मम्मी. गलती मेरी ही है."

माहा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं गेला तोंडात, खोटं काहून बोलू. पण राहिला होता.

मंग तिनंच खबर आणली. मोठ्या दवाखान्यात जाड माणसाईचं रक्त तपासून राहिले होते, अन् त्याईले एकाच घरची जोडी पाहिजे होती, बाप-लेक नाही तं माय-लेक. आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "खून में मोटापे के मार्कर होते हैं, वही देखना है."

मले एकदम पटलं. घरी येऊन बायकोले म्हणलं, "माह्या रक्तात मार्का आहे म्हणते. थानासारखा."

"त्याच्यासाठी रक्त कायले पाहिजे?" बायको म्हणाली. "तुमचा मार्का चौकातून दिसते."

रक्त घेणाऱ्या दीदीनं सांगून ठेवलं होतं, "कल सुबह फास्टिंग में आना, भैया. मतलब उपवास." मी "हव" म्हणलं. उपवास तं आपल्या घरचा. सकाळी सहाले उठून बायकोले सांगितलं, आज उपवास आहे.

"आज कोणता?"

"दवाखान्याचा."

तिनं भरपूर तूप घालून साबुदाण्याची खिचडी केली, वरून शेंगदाण्याचा कूट. मी दोनदा घेतली. पोरगी आंघोळीले गेली होती. तिनं रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. ती तं तशी रोजच दवाखान्यासाठी तयार.

रांगेत नऊ वाजले. दीदीनं विचारलं, "कुछ खाया तो नहीं?"

"नहीं दीदी, उपवास है," मी छाती काढून म्हणलं.

रक्त काढलं, नळ्या मशीनीत फिरवल्या. थोड्या वेळानं दीदी दोन नळ्या घेऊन बाहेर आली. पोरीच्या नळीत वरचं पाणी पिवळं, नितळ. माह्या नळीत पांढरं, जशी लस्सी.

"भैया, सच बताओ. क्या खाया?"

"कुछ नहीं. बस साबूदाना."

पोरीनं कपाळावर हात मारला. "पापा! फास्टिंग में कुछ भी नहीं खाते!"

"मंग सकाळपासून मी जे केलं ते काय होतं?"

"नाश्ता था, पापा!"

अन् ती हसली. किती दिवसांनी हसली. दीदी मात्र नाही हसली. जोडी अर्धी राहिली, पुढच्या हप्त्यात पुन्हा या म्हणाली. पुढच्या हप्त्यात त्या दिवशी पोरगी पहाटपासून स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली. मले पाणी प्यायचं होतं तं तिले विचारून प्यायलो.

रिपोर्ट मॅडमनं समोर बसवून सांगितला. पोट भरलं हे डोक्याले सांगणारी एक चीज रक्तात असते म्हणे. आम्हा दोघांच्या रक्तात ती कमी नव्हती, उलट जास्तच होती. पण डोकं तिचं ऐकत नव्हतं.

"म्हणजे माह्या बायकोसारखी," मी म्हणलं. "ती पुरे म्हणते, मी ऐकत नाही."

मॅडम हसल्या. पोरगी मान खाली घालून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "तो मैडम, गलती किसकी है? मेरी या पापा की?"

आता माह्याजवळ एकही गंमत नव्हती. मॅडम माही म्हणल्या असत्या तं बरं, असं वाटलं. म्हणा ना, बापाची आहे.

मॅडमनं कागद बाजूले ठेवला. "खून में बहुत कुछ दिखता है, बेटा. गलती नहीं दिखती. चलना पड़ेगा, तला हुआ कम करना पड़ेगा, दोनों को. लेकिन भूखा नहीं रहना है."

पोरीनं रिपोर्ट घडी घालून बॅगेत ठेवला. घडी वाकडी होती, मी नीट घालून दिली.

संध्याकाळी बायको माहं ताट वाढून राहिली होती. पोरगी आली, बाजूले बसली अन् म्हणाली, "आई, मले बी वाढ."

मराठीत. बायकोचा हात थांबला. मी माह्या ताटातली एक पोळी उचलून तिच्या ताटात टाकली. मॅडमनं कमी करायले सांगितलंच होतं.